शिवण

पहिल्यांदा दिसले मीनलच्या दंडावर.
तीन चट्टे, एका रेषेत,
कुणी बोलता बोलता थांबावं
आणि पुढे नुसती टिंबं द्यावीत तसे.
डास, मी म्हणाले.
डास असे रांगेत बसत नाहीत, ती म्हणाली.

मग मी तेच केलं
जे शरणपूर रोडवरच्या कुठल्याही होस्टेलची रेक्टर करेल:
सगळ्यात शेवटी कोण आली, ते आठवलं.

ऊर्मिला गांगोडे. सुरगाण्याच्याही पुढून कुठून तरी.
नर्सिंगचं पहिलं वर्ष.
एक पत्र्याची पेटी,
आणि आईच्या लुगड्यांची गोधडी.
"गोधडी गच्चीवर टाक," मी म्हणाले,
"पेटीसुद्धा."
का, ते सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.

ऑक्टोबरचं ऊन. गच्चीवर पाय ठेववत नव्हता.
तिनं चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या
आणि दिवसभर टाकीच्या सावलीत बसून राहिली,
ॲनाटॉमीचं पुस्तक मांडीवर,
जणू गोधडी पळून जाईल.
संध्याकाळी घडी घालून खाली आणली.
"ह्यात काही नाही, मॅडम.
आता गाद्या बघू?"

पहाटे तीनला, मोबाईलच्या उजेडात,
कॉलेजच्या ओळखपत्राची कडा
तिनं गादीच्या शिवणीतून फिरवली,
जखमेची कड साफ करावी तशी, हळू.
आधी ठिपके. बॉलपेन गळल्यासारखे.
"ओलं बोट लावा, पसरतात. रक्तच आहे, पचलेलं."
मग खसखस, ती अंडी.
मग रिकामी कात, जिच्यातून पलीकडचं दिसतं.
मग तो स्वतः.
"उपाशी असला की कागदात मावतो.
प्यायला की बेदाणा."
आणि वास,
डब्यात विसरलेल्या कोथिंबिरीचा.
मी विचारलं, कॉलेजात शिकवलं हे?
"नाही. आश्रमशाळेत. चाळीस जणी, बारा गाद्या."

खोली चार झाली. खोली तीनमध्ये काही नाही.
मग ती जिन्याखालच्या माझ्या दाराशी थांबली.
"तुमचीही बघू?"

माझ्या पलंगाखाली निळी बॅग होती.
श्रावणात भाचीच्या साखरपुड्याला इंदूरला नेलेली:
दोन रात्री लॉजवर, पलंगावरच उघडून ठेवलेली,
येताना स्लीपर बसच्या गादीला टेकून.
तिनं बाजूच्या कप्प्याची चेन ओढली.
शिवणीत अख्खी वस्ती.
थोरले, लेकुरवाळे, नुकते जन्मलेले, अजून रंग न आलेले.

महिनाभर पाठीवर गांधी उठत होत्या.
मी म्हणत होते उष्णता.
सब्जा पीत होते.

गणपतीत मीनल येवल्याला गेली
तेव्हा हीच बॅग मी तिला दिली होती.
म्हणजे येवल्यालाही फोन करायला हवा.

ऊर्मिला हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
व्हायवाला सांगावं तसं सांगत गेली:
लॉजमध्ये शिरलं की बॅग आधी बाथरूममध्ये,
कोरड्या फरशीवर. पलंगावर कधीच नाही.
चादर उचलून कोपरे बघायचे,
उशाकडच्या फळीची मागची बाजू बघायची.
दिसलं तर खोली बदलायची, शेजारची नको, लांबची.
घरी आलं की उंबऱ्याबाहेरच कपडे काढून
थेट उकळत्या पाण्यात.
"आणि रॉकेल ओतू नका.
ढेकूण राहतात, घर जळतं."

सिडकोतून फवारणीवाला आला,
पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागेल म्हणाला.
पैसे मी दिले. त्यात काही मोठेपणा नव्हता.

रात्री मेसमध्ये कुणीतरी विचारलंच,
आले कुठून हे?
पाच माना एकाच दिशेला वळल्या.
ऊर्मिला वरणात भात कालवत होती,
कालवून झालेला पुन्हा कालवत होती.

"इंदूरहून," मी म्हणाले. "माझ्या बॅगेतून."

भांड्यांचा आवाज थांबला, मग सुरू झाला.
कुणीतरी खाकरलं.
तिनं मान वर केली नाही.
"उद्या ऊन आहे," म्हणाली,
"तुमची दुलई नऊलाच काढा, मॅडम.
विटा वरच आहेत."