शिरगणती

दार एक, धुराडं एक, कुत्रं एक.
वहीत लिहायचं तर घर एकच.
एल्कीच्या खोऱ्यात, द्राक्षं खुडायच्या दिवसांत
एकोणीस वर्षांची नेलिदा बार्रासा
सरकारी पेन्सिल कानावर खोचून
त्या दारात उभी राहिली. विचारलं, "माणसं किती?"
आतून कुणी म्हणालं, "आहोत आम्ही."
ती आत गेली. डोळे सरावले
तसतशी अंधाराची माणसं झाली:
अकरा.
आणि झोळीत एक बारावं,
ज्याचं नाव अजून ठरायचं होतं.

हे तिनं मला सांगितलं पहाटे चारला,
डब्यातली पाकातली पपई खाताना.
मी एलेउतेरिओ, रात्रपाळीचा माणूस.
घुमट फिरवायचा, कॉफी उकळायची,
वारा माजला की झडप लावायची.
तिचं काम निळ्या ताऱ्यांचं.

निळे म्हणजे दांडगे.
पन्नास-साठ सूर्यांचा ऐवज एकट्याकडे,
आणि तीस लाख वर्षांत सगळा फुंकून मोकळे.
"तीस लाख कमी झाले का, बाई?"
"कमीच. आपला सूर्य बघ,
वात बारीक करून बसलेला दुकानदार.
हे मात्र म्हातारे होतच नाहीत.
जिथे जन्मले त्या गल्लीतच मरतात,
धाकट्या भावंडांचे डोळे उघडायच्या आत."

असिदंष्ट्र तारकासमूहात एक ठिपका होता.
दूरदेशीची मोठी माणसं म्हणत,
हा एकच तारा, हजार सूर्यांएवढा.
काचेच्या प्लेटवर तो टीपकागदावरच्या शाईसारखा पसरायचा.
नेलिदा भिंग लावून बघायची, बघायची,
आणि पुटपुटायची, "दार एक दिसतंय खरं."

सात हिवाळे गेले.
कधी समुद्रावरून कमांचाका चढायचं,
ते धुकं खोरं गिळून आमच्या पायऱ्यांशी यायचं.
कधी आरशावर दव, कधी पंप बंद,
कधी पैसेच नाहीत.
मग एका रात्री हवा अशी थिजली
की घुमटातली पाल हललेली ऐकू यावी.
ठिपका उकलला.
कोंबड्या मोजाव्यात तशी ती मोजत गेली,
चार, पाच, हे दोघे चिकटलेत, सात,
थांब, मागे अजून कुणी आहे.
नाचली नाही. पेन्सिल मागितली.
पेन्सिल कानावरच होती.

निबंधाला दोन पानी उत्तर आलं.
त्यात तिचं आडनाव तीन तऱ्हांनी चुकलं होतं.
आकडा कुणाला खोडता आला नाही.

पुढे प्लेटा गेल्या, पडदे आले,
धुळीआडची बाळंही दिसू लागली, ताऱ्यांची,
अजून ओली, दुपट्यातली.
त्यांचीही तिनं नोंद केली, एकेक.
नावं नव्हती, नुसते क्रमांक.
खाली उतरताना ट्रक त्या वळणावर आला
की ती काच खाली करायची.
घराचा आता चौथराच उरलाय,
त्यावर वेलींची जाळी.
"बाराव्याचं नाव काय ठेवलं असेल रे?"
मला काय माहीत.
मी गियर बदलायचो.

तिची शेवटची रात्र ढगांत गेली.
स्वयंपाकघरात चूल पेटवून बसलो सगळे.
नोंदवही तिनंच ओढली आणि लिहिलं:
ढग. वेध नाही. घुमट बंद.
दारात माणसं पाच.
मग जरा थांबून, खाली, बारीक अक्षरात:
हाडकांसाठी येतो तो कोल्हा धरला, तर सहा.