शेवटचा ओ

फोटो एकच. ऑक्टोबर एकोणीसशे सत्तावीस.
सायडिंगवर उभी सात फळ्यांची कोळशाची वाघीण,
नंबर चारशे सतरा,
आणि चाकाला टेकून एक पोरगा, टोपी डोळ्यांवर.

शहात्तर पटींनी लहान करायची होती ती.
चाळीस वर्षं आबरडेरच्या गल्लीत मी कवळ्या घडवल्या,
हात बसलेला. हत्यारंही तीच:
दाढेची खाच कोरणारी सुई
आता लाकडाचे रेषे ओढते,
मेणाच्या चमच्याने बोल्टांची डोकी बसतात,
फोटोत दिसतात तेवढीच, एकही जास्त नाही.

जुनी वाघीण, म्हणून ब्रेकचा दांडा एकाच अंगाला.
कोपऱ्याकडे तिरका पांढरा पट्टा,
म्हणजे टोकाचं दार या बाजूला.
आतून रंग नाही, नुसतं लाकूड,
कोळशाने घासून राखाडी झालेलं.
वरून चौथी फळी बाकीच्यांहून उजळ,
कोणीतरी कधीतरी बदललेली.
तिला दोन रात्री लागल्या.
कोळसा मात्र खरा:
आईच्या तळघरातलं शेवटचं ढेकूळ
खलबत्त्यात कुटून, चहाच्या गाळणीने गाळलं.

अडलं ते रंगापाशी.
फोटोत वाघीण काळी.
पण त्या काळच्या काचेला लाल कळतच नसे,
लाल दिसलं की काळं म्हणून मोकळी व्हायची.
कंपनीच्या वह्या पुरात गेल्या होत्या.
मी एक बाजू काळी केली, एक लाल,
दोन्हींवर पांढऱ्यात आठ अक्षरं लिहिली, प्रॉथेरो,
आणि खोक्यात कापूस घालून
पोर्थकॉलच्या वृद्धाश्रमात गेलो.

टेगवेन प्रोबर्ट, वय एक्क्याण्णव,
समुद्राकडे पाठ करून बसलेल्या.
"तो काय, रोजच असतो," म्हणाल्या.
वाघीण तळहातावर घेतली, फिरवली.
"ही बाजू. लाल.
बाबांच्या बाह्या चॅपलमध्येसुद्धा लाल असायच्या."
मी वहीत लिहून घेतलं. जिंकलो होतो.
"पण हे त्यांनी लिहिलेलं नाही."
"म्हणजे?"
"किती सारखं आहे सगळं.
बाबा पी काढायचे तो एवढा, ऐटीत, पोट पुढे काढून.
मग एकेक करत जागा संपायची,
आणि शेवटचा ओ बिचारा
लोखंडी पट्टीला चेपून, अंड्यासारखा.
घरातही तेच. शनिवारी मटण,
गुरुवारी आम्ही सगळे तो ओ."
हसल्या. खोकल्या. पाणी दिलं.
"आणि हा पोरगा?" मी फोटो पुढे केला.
"कोण जाणे. आमचा नव्हे."

घरी येऊन भिंग लावलं.
ओ होताच तिथे, चेपलेला,
वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर.
मी बघत होतो आणि सरळ करत होतो.
आणि मीच तो,
गिऱ्हाइकाच्या कवळीत एक दात
मुद्दाम किंचित वाकडा बसवणारा,
नाहीतर हसू खोटं दिसतं म्हणून.

आठही अक्षरं खरवडली.
काळ्या बाजूला लाल दिला.
पी मोठा काढताना हात अडखळला,
इतकी ऐट माझ्या हाताला जमत नव्हती;
तिसऱ्या खेपेला आली.
मग आर, मग ओ, मग टी, एकेक अंग चोरत,
आणि सगळ्यात शेवटी, श्वास धरून,
एका केसाच्या ब्रशने ते अंडं.

पोरगा अजून केलेला नाही.
टोपीखालचा चेहरा कुठून आणू?

वसंतात हॉलमध्ये रुळांवर मांडली.
एक गृहस्थ चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ वाकले होते.
"काम सुंदर आहे हो," म्हणाले,
"पण शेवटचं अक्षर चुकलंय तुमचं."
"चुकलंय," मी म्हटलं.
"साडेतीन मिलिमीटरने."