खिडकी, डाव्या हाताची

काउंटरवरच्या मंजुनाथनं विचारलं,
खिडकीकडं का वाटेकडं?
म्हटलं खिडकी. पण थांब बाळा,
कुठल्या हाताची ते ठरवू दे.
मागं रांग खाकरली.

एकवीस वर्षं सांबऱ्याच्या कुंपणाशी
म्हशी बांधल्यात मी.
विमान उतरलं की गौरी धार चोरते,
लांब गेलं की सोडते.
उफणणारीला वारं बगलेतून हवं,
विमानाला थेट तोंडावर.
म्हणून पावसाळाभर ते मावळतीकडं पळतं
आणि मार्गशीर्षात उगवतीकडं.
आज मार्गशीर्ष.
म्हणजे घर डाव्या हाताला.

प्रज्वल पण म्हणालेला, आज्जी, डावीच घे,
सह्याद्री दिसतो, नशीब असलं तर समुद्र.
चाकाच्या मागची रांग घे.
पंख डोक्यावर असतो, आड येत नाही.
घेते म्हटलं.
स्लॅबवर पहाटे पिवळं लुगडं अंथरून आले होते
ते काही त्याला सांगितलं नाही.
तीन कोपऱ्यांना तीन दगड,
चौथ्याला वरवंटा.
वरून कौलं सगळी सारखीच दिसणार.

चौदा ए.
मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या,
पलीकडच्या खिडकीला ईरण्णा, सुळेभावीचा,
मांडीवर साड्यांचं गाठोडं.
माझा पट्टा त्यानंच येऊन लावून दिला.

विमान डुलत डुलत निघालं
ते उगवतीच्या टोकाला जाऊन वळलं.
पोटात कळलं मला.
काच पुसून बघितलं तर
वाऱ्याची ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी
उलटी फुगलेली.
मार्गशीर्षात मावळतीचं वारं!
गोव्याकडं कुठं आभाळ बिघडलं असेल.
म्हटलं, दादा, हे उलटं चाललंय.
तो म्हणाला, इल्ला अक्का, सरी ऐती.

आणि सुटलंच.
चाक दुमडून पोटात गेलं, बगळ्याच्या पायासारखं.
माझ्या बाजूला उसाचे फड,
कुणाचं तरी लग्नाचं मांडव,
येळ्ळूरचा डोंगर, वर किल्ल्याची भिंत.
सगळं छान. माझं काहीच नाही.
मी ओरडले, पिवळं! तुमच्या हाताला, पिवळं बघा!
मराठीतच ओरडले.
त्यानं कपाळ काचेला लावलं.

तेवढ्यात विमान उजवीकडं कललं
आणि माझी काच आभाळानं भरली,
नुसत्या आभाळानं.
हिशेब करून, रांग अडवून घेतलेलं आभाळ.

पलीकडून आवाज येत होता.
बावि ऐती.
विहीर. माझीच.
एरडु एम्मी.
हौदू, दोनच. तिसरी दिवाळीत विकली.
मग, हळदि सीरी!
आणि तो लहान पोरासारखा हसला,
सीरी नम्द री, अक्का!

खोटं असेल.
एवढ्या वरून काठ कुणाला ओळखू येतो?
पण लुगडं सुळेभावीच्याच मागावरचं होतं
आणि हे मी त्याला बोलले नव्हते.

विमान सरळ झालं तेव्हा
माझ्या खिडकीत राकसकोपचं पाणी आलं,
त्याच्यामागं प्रज्वलचा सह्याद्री.
डोंगर, त्याच्यामागं फिकट डोंगर,
त्याच्यामागं डोंगर का धुकं ते ठरेना.
घेतलेलं परत करावं म्हणून
माझ्या मोडक्या कानडीत सांगत राहिले,
नीरु ऐती. गुड्ड ऐती. गुड्डद हिंद गुड्ड.
तो डोळे मिटून मान हलवत होता,
गाठोड्यावर दोन्ही हात.

मुंबईत उतरल्यावर प्रज्वलचा फोन,
आज्जी, दिसलं काय?
दिसलं म्हटलं.
कुठल्या खिडकीतनं ते त्यानं विचारलं नाही.

पण वारं मावळतीचं,
आणि मावळतीच्या कोपऱ्यावर
दगड ठेवला का वरवंटा,
ते अजून आठवेना.