काठ

तीन लांब बाह्यांचे कुडते, घोट्यापर्यंतचा परकर,
सेफ्टी पिनांचं पाकीट, पायमोजे दोन जोड.
लास्ताच्या डोंगरातल्या चर्चमध्ये जायचं तर
अंग कुठवर झाकायचं, याचा अभ्यास
मी निघण्याआधी परीक्षेसारखा केला होता.

काल बाजारात नेटेला घेतली:
पांढरी, सुती, फुंकर मारली तर फुगेल इतकी विरळ,
काठाला हिरव्या-पिवळ्या चौकड्या.
तिबेब म्हणतात याला, विणकर म्हणाला,
आणि घासाघीस न करता मी पैसे मोजले.
काठ-पदरातलं आपल्याला कळतं, असा माझा समज.

पहाटे लॉजच्या डागाळलेल्या आरशात
काठ वर घेतला, चेहऱ्याभोवती नीट बसवला.
एवढं सुंदर विणलेलं खाली लोंबकळू कशाला द्यायचं?

चढणीवर माणसं बाजूला होत गेली.
एक म्हातारा काठीवर वाकून उभा राहिला, मी पुढे जाईपर्यंत.
कोलो विकणाऱ्या पोरीने भाजलेल्या सातूचं माप
जरा जास्तच भरलं.
मला वाटलं, अंगभर कपड्यांना मान मिळतो, तो असा.

आवाराबाहेर, जुनिपरखाली, भिंतीला टेकून
येशिमेबेत बसली होती. (नाव नंतर कळलं.)
तिने माझा हात धरला. आयझोश, म्हणाली.
धीर धर, बाई.
मग काहीतरी विचारलं.
हाबतामू, माझा वाटाड्या, बूट काढता काढता थांबला:
"ती विचारतेय, कोण गेलं?"

कोणी नाही.
म्हणजे, अलीकडे कोणी नाही.

"काठ तोंडाशी घेतला की दुखवटा असतो," तो म्हणाला.
"मलाही वाटेत विचारवेना."

खिशातला जास्तीचा कोलो टोचायला लागला.

येशिमेबेत हसली नाही. उठली,
मला शाळेत निघालेल्या पोरीसारखं गोल फिरवलं,
काठ खाली सोडला, कापड छातीवर फुलीसारखं ओढलं,
आणि हनुवटीनेच खुणावलं: आता जा.
आत ढोल सुरू झाला होता. धूप दाराबाहेर आला होता.

ती मात्र परत खाली बसली.
"ती नाही येत?"
हाबतामूने झाडाकडे पाहिलं.
"काही दिवस बाया बाहेरूनच भिंतीला ओठ टेकवतात,"
जुनिपरची फळं मोजत असल्यासारखा तो म्हणाला.

माझा दुसरा दिवस.

याचा अभ्यास मी केला नव्हता.
करायचं कारणच नव्हतं. सांगलीच्या घरात एकोणिसाव्या वर्षी
मी दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातली समई लावली,
सगळ्यांसमोर, मुद्दाम,
आणि आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.
त्यानंतर पाळलं नाही. कधीच नाही.
आणि इथे कोण विचारणार होतं?
बाह्या मनगटापर्यंत, परकर घोट्यापर्यंत,
काठ आता जागच्या जागी.
दार उघडं. आतल्या भिंतींवरच्या टपोऱ्या डोळ्यांच्या देवदूतांसाठी
मी तीन विमानं बदलून आलेली.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले, "माझी नाडी सुटत नाहीये."

बूट सैलच होते.
येशिमेबेतने माझ्याकडे पाहिलं, मग पोटावरच्या माझ्या हाताकडे,
आणि दगडावर थोडी सरकली.

पटलं म्हणून बसले नाही.
तिच्यासाठी बसले, असंही म्हणवत नाही.
आईसाठी तर नाहीच.
ऊन भिंतीवरून कोपरभर खाली आलं.
आतली प्रार्थना जुन्या गीझ भाषेत,
ती भाषा तिलाही येत नाही, हे मला मागाहून कळलं.
एकदा कळ आली, तेव्हा ती म्हणाली, आयझोश.
या खेपेला काही विचारलं नाही.

मी मूठभर कोलो तिच्या हातावर ठेवला, मूठभर तोंडात टाकला.
तिने खाल्ला नाही.
नेटेलाच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिला,
आतली प्रार्थना संपेपर्यंत.

माझा घास तोंडात तसाच.
चावला तर कुरकुर आवाज होणार.