दांडी

मुमताजआपाच्या लक्षात आलं आधी.
गणवेशाचा घेर एका बाजूनं वर जात होता.
तिनं दोनदा उसवला, दोनदा शिवला,
तिसऱ्यांदा गळ्यात टेप तसाच ठेवून घरी आली,
म्हणाली, कापड सरळच आहे, भाईजान.

तीस वर्षं मी दांड्या बघतो,
मिरजेत, दर्ग्यामागच्या गल्लीत.
एक डोळा मिटायचा, तुनाचं लाकूड गालाशी धरायचं,
केसाएवढा बाक असला तरी सांगतो.
आणि रोज माझ्यासमोर पाठमोरी बसून
भात खाणारी तहसीन, बारा वर्षांची,
ती दिसली नाही.

लाकूड वाकलं तर आमच्यात म्हणतात,
घाई केली, ओलं कापलं.
पोरीचं वाकलं तेव्हा
गल्लीनं तिच्या आईला विचारलं, ग्रहणात काय चिरलंस?
शाळेनं दप्तराला धरलं.
मी कुणालाच धरलं नाही.
विकून झालेल्या सतारीला
पॉलिश करत बसलो रात्री दोनपर्यंत.

मग जानेवारीत ते आले, आठ दिवसांसाठी,
रजा टाकून, पदरच्या तिकिटानं,
बॅगांत कपडे कमी, स्क्रू जास्त.
एकेचाळीस पोरं भिंतीला टेकून उभी,
म्हणजे ज्यांना टेकता येत होतं ती.
दिवस नऊ जणांपुरते.

म्हातारा डॉक्टर, भुवया पांढऱ्या. खुणेनं म्हणाला, वाक.
ती वाकली. उजवीकडच्या फासळ्या वर आल्या
आणि त्यानं एक डोळा मिटला.
शपथेवर सांगतो, मिटला,
आणि मानेपासून कमरेपर्यंत नजर सोडली
मी सोडतो तशी.

दुभाषी बाई हळू आवाजात सांगत होत्या:
अडुसष्ट अंश. दोन सळया. बावीस स्क्रू.
पाय जाऊ शकतात, शंभरात एखाद्याचे.
सही इथे.
मी म्हणालो, पडदा चुकीच्या जागी बसला
तर आम्ही दोरा सैल करून सरकवतो.
का म्हणालो, माहीत नाही.
बाईंनी त्याचं भाषांतर केलं नाही.

शेजारी जतकडचा बिरू. नऊ वर्षांचा,
हनुवटी छातीला लागलेली.
आई तीन एसट्या बदलून आली होती,
मांडीवर भाकरीचं फडकं, अजून न सोडलेलं.
भूल सोसेल एवढी हवा त्याच्या छातीत नाही, म्हणाले.
वर्षभर फुगे फुगव, पुढच्या जानेवारीत बघू.
लाल फुग्यांचं एक पाकीट दिलं.
त्याला तर आनंदच झाला.
ती माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही,
गाडीत जागा मिळालेल्या माणसाकडे बघतात तसं.

सात तास.
नंतर त्या डॉक्टरनं शिकून ठेवलेला
एकच मराठी शब्द, बोबडा: हलव. हलव.
अंगठा हलला. मग बाकीची बोटं.
तो बाहेर येऊन स्टुलावर बसला
आणि एक केळं खाल्लं, सावकाश,
जगात दुसरं काही काम नसल्यासारखं.

जाण्याआधी दुकानात आला.
मी सतार पुढे केली, त्यानं घेतली नाही.
लाकडावर बोट फिरवून विचारलं, किती वर्षं वाळवता?
सात, मी म्हणालो.
तो हसला, पण अर्धंच.

तहसीन अडीच बोटं वाढली.
विचारते, पावसात भिजले तर आतलं गंजेल का?
स्टेशनच्या त्या दारातून गेले तर वाजेल का?
मुमताजआपानं घेर उसवला पुन्हा,
या वेळी दोन्ही बाजूंनी, आणि पैसे घेतले नाहीत.

डिसेंबर लागला. बिरूच्या आईचा फोन
कधी बंद, कधी क्षेत्राबाहेर.
दांडी बघताना अजून डोळा मिटतो माझा, सवयीनं.
तहसीन कधी कधी फुगा काढते कुठून तरी,
फुगवते, एका दमात,
जरा वेळ तोंड धरून बसते,
मग हवा सोडते, हळूहळू,
कुणाला ऐकू जाऊ नये अशी.