मध्यंतराच्या काउंटरवरून

पीयूष, तू विचारतोस कुठले सिनेमे बघण्यासारखे,
आणि अंगठ्याने फोनवर शंभर चौकटी सरकवतोस,
जांभळीनाक्याला घ्यायचं काही नसताना
भाव विचारत फिरणाऱ्यासारखा.
सांगते. पण आधीच कबूल करते,
नोकरीत असताना मी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही.

एकवीस वर्षं टॉकीजच्या काउंटरला होते, इथेच, ठाण्यात.
पडदा भिंतीपलीकडे, कढई अलीकडे.
पाट्या पडायच्या तेव्हा मी बटाटे कुस्करत असायचे.
मध्यंतरानंतर भांडी आवरून
दाराचा हिरवा पडदा बोटभर सारून उभी राहायचे,
तोवर कुणीतरी मेलेलं असायचं
किंवा कुणाचं तरी लग्न मोडलेलं.
म्हणून माझं माप वेगळं.
मी सिनेमा वड्यांवर मोजला.

विनोदी असला की दोनशे जायचे, चटणी पुरायची नाही.
लोक हसत यायचे, हसत खायचे,
सुट्टे पैसे विसरून आत पळायचे.
बघ तसले, खुशाल बघ,
पण एकट्याने नको. एकट्याचं हसू
रिकाम्या पोटी घेतलेल्या चहासारखं,
नंतर जळजळतं.

मारामारीच्या सिनेमांना नाक मुरडू नकोस.
वागळे इस्टेटला टाळेबंदी झाली तेव्हा
गोविलकर नावाचा एक टर्नर
रोज तीनच्या खेळाला यायचा, स्टॉलमध्ये.
तोच सिनेमा, नऊ दिवस.
म्हटलं, कंटाळा नाही येत?
म्हणाला, बाई, इथं निदान मारणारा दिसतो.

सगळे ज्याला थोर म्हणतात, आई मरते तो,
आमच्याकडे पंचवीस आठवडे चालला.
दिवसातून चार वेळा मरायची ती.
पहिल्या आठवड्यात मी रडले, मग नाही.
खोटं का सांगू, लांबलाय तो,
आणि मुलगा फार ओरडतो.
पण सतराव्या आठवड्यात
मला तिच्या मागचा दिवा दिसला.
ती गेल्यावरही भर दिवसा जळत राहतो,
कुणी विझवायला येत नाही.
तेवढ्या दिव्यासाठी बघ.

आणि मग तो. चार दिवस टिकला जेमतेम.
पहिल्या दिवशी मध्यंतराची घंटा झाली, दारं उघडली,
आणि बाहेर कुणीच आलं नाही.
मी डोकावले.
दिवे लागलेले, माणसं जागेवर,
कोऱ्या पडद्याकडे बघत.
एकशेचाळीस वडे उरले.
शेठनी मला धारेवर धरलं,
जसा काही सिनेमा मीच काढला होता.
ऑपरेटर इनास डिमेलो वरून उतरला,
उभ्याउभ्या दोन खाल्ले,
म्हणाला, उरू देत. लक्षण चांगलं आहे.

उत्तरार्ध मी चारही दिवस पाहिला.
एक बाई. चुलीपाशी. बोलत नाही.
माणसं येतात, समजावतात, चपला घालून जातात.
शेवटी ती उठून कडी काढते,
आणि दारात नुसता वारा.
मला वाटलं मुकी असेल, जन्माची.
तीस वर्षं मनात तिला मुकीच धरून चालले.

परवा तू तो कुठूनसा शोधून काढलास,
खारेगावच्या या खोलीत
फोन तांदळाच्या डब्याला टेकवून लावलास,
आणि मला सुरुवात दिसली.
पीयूष, किती बोलते रे ती!
विहिरीवर, भाकरी थापताना, बैलाशी, झोपेतसुद्धा.
नवरा हात जोडतो, म्हणतो, घटकाभर गप्प बस गं बाई,
आणि दोघं हसत सुटतात.
तिथे माझ्या घशात आलं.
तू बघत होतास म्हणून कांदा घेतला चिरायला.

तुझ्या फोनला मध्यंतर नाही,
तरी पाय बरोबर त्या वेळी उठलेच.
पीठ कालवलं, तेल ठेवलं,
मधलं काय झालं ते पुन्हा राहूनच गेलं.
तुला दोनदा हाक मारली.
तू हूं म्हणालास, जागचा हललाही नाहीस.
ताटातले वडे गार.

तेव्हा यादी नको मागूस माझ्याकडे.
ज्याच्या मधून मला ओ देशील
तो तिथेच बंद कर.
आणि तो आईवाला लावशील कधी,
तर मी झोपले असले तरी
दिव्यापाशी उठव.