चौथा टप्पा

एकार्ट म्हणतो, गाडी दिसायला हवी असं नाही,
आडवी आली की पुरे.

रुळांच्या एका काठाला दिवा, समोरच्या काठाला डोळा.
दिवा पेटलाय की नाही, नुसत्या नजरेला कळत नाही.
मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा
शाई सांडून पुसल्यासारखा फिकट जांभळा ठिपका.
मी सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली
आणि म्हटलं, आहे.

आउए गावातल्या या पोटमाळ्यावर
प्लायवुडच्या तीन फळ्यांत त्याचं सगळं खोरं मावलंय:
बारा मिलिमीटर रुंदीचे रूळ, स्पंजची झाडं,
लाकडाची वखार, आणि ती सिग्नल केबिन
जिच्यात तो एकतीस वर्षं
डोळ्यात तेल घालून बसला.
खरी केबिन पाडली. रूळ उपटले.
तिथून आता सायकली जातात.

पहिल्या दिवशी रिलेला वेड लागलं.
दोन डब्यांमधल्या फटीतून किरण निसटायचा,
टक, टक, टकटक, टक,
गाडी आहे, नाही, आहे, नाही.
"हे चालायचं नाही, हाइडरून," एकार्ट म्हणाला,
"गाडी एक तर असते, नाहीतर नसते."
मी दिवा दोन बोटं मागे घेतला, डोळा दोन बोटं पुढे.
किरण तिरका झाला, फटी बुजल्या.
वर एक कपॅसिटर जोडला, क्षणभर दम धरणारा.
आता इंजिनाला एक टक,
शेवटच्या डब्यामागे एक टक,
मधे अख्खी मालगाडी, गप्प.

तीन वाजता छताच्या काचेतून ऊन उतरतं
आणि दुसऱ्या टप्प्याचा डोळा दिपतो.
नाकासमोरून गाडी जाते, त्याला पत्ता नाही.
काळी रंगवलेली स्ट्रॉ कापून त्याच्यावर चढवली.
नळीतून बघ म्हटलं बाबा, इकडेतिकडे नको.

कॉफी पिताना त्यानं एकदाच सांगितलं.
नोव्हेंबर. पहाटेचे चार दहा. धुकं.
मालगाडी केबिनसमोरून गेली
आणि शेवटचा लाल दिवा त्याला दिसला नाही.
असणारच, असं त्यानं धरून चाललं.
वहीत वेळ लिहिली,
मागच्या स्टेशनला कळवलं, रस्ता मोकळा.
गाडी पूर्ण होती. कुणी काही विचारलं नाही.
"काही झालं नाही गं," तो म्हणाला.
"काहीच झालं नाही."
आणि चमचा बशीत असा ठेवला
जशी तरफ खाचेत बसवतात.

गेल्या गुरुवारी चौथा टप्पा लाल झाला.
चौथा म्हणजे बोगदा.
सगळ्या गाड्या हाताने मोजल्या: सात. आत एकही नाही.
टक.
मग बराच वेळ काही नाही.
टक.
मी म्हटलं, डाग कच्चा राहिला असेल, चूक माझीच.
दोन तारा जुळवते, टप्पा हिरवा करू,
एक्स्प्रेस केव्हाची खोळंबलीय.
त्यानं मान वर केली नाही.
"तो आहे म्हणतोय ना. मग आहे."

डोंगर उचलायला पाऊण तास गेला,
प्लास्टर एका अंगाला अजून ओलं.
आत उंदरीण.
माझीच झाडं कुरतडून केलेला बिछाना,
त्यात सहा गुलाबी, मिटल्या डोळ्यांची,
एकेक कोळशाच्या वाघिणीत मावेल एवढी.
तिची किरणातून ये-जा चालली होती.
तिला तो दिसत नव्हता,
आम्हाला ती.

एकार्टनं डोंगर परत ठेवला, अगदी सावकाश.
चष्मा शोधला. वही उघडली.
"सोळा वाजून वीस. चौथा टप्पा व्यापलेला.
पुढील सूचनेपर्यंत वाहतूक बंद."
मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
खाली आणखी एक ओळ लिहिली:
"शेवटचं टोक समक्ष पाहिलं. शेपूट.
पूर्ण."